बसवाल्याने आखलेली सायकलवाट

माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा, म्हणजे आमचे भाऊजी, नोकरीची सगळी वर्षं एकाच रस्त्यावर बस चालवत होते. बंदरापासून दीपगृहापर्यंत जायचं आणि दीपगृहापासून बंदरापर्यंत यायचं, समुद्राच्या कडेकडेने. लोक रजा काढून, लांबून लांबून जो रस्ता बघायला यायचे, तो यांना रोज पगारी बघायला मिळायचा. आणि माझ्या बहिणीला बस लागायची. देव जोड्या जमवताना थोडी गंमत करून घेतो, असं मला या दोघांकडे बघून नेहमी वाटत आलंय.

लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात भाऊजींनी मोठ्या हौसेने तिला आपल्या बसमध्ये पुढच्या सीटवर बसवलं होतं. तिसऱ्या थांब्यावर ती उतरली, एका दुकानाच्या पायरीवर डोकं धरून बसली आणि चालत घरी परत आली. बसच्या नावाने तिने कानाला खडा लावला तो कायमचा. मोटारीत तीच गत आणि होडीचं तर नावच नको. आमच्या गावात समुद्र आहे, पण तो बंदराचा समुद्र: क्रेन, भिंती आणि पाण्यावर तेलाचे डाग. खरा, मोकळा समुद्र गावाबाहेर भाऊजींच्या रस्त्यावर होता, आणि तो ताईने कधीच पाहिला नव्हता.

मग ती संध्याकाळी विचारायची. भाऊजी हातपाय धुऊन चहाला बसले की ती समोर बसायची आणि म्हणायची, आज समुद्र कसा होता हो? भाऊजी बशीत चहा ओतत सांगायचे, "जाताना डावीकडे, येताना उजवीकडे."

मी पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा हसून हसून चहा सांडला. ताई मात्र हसली नाही. कारण भाऊजी विनोद करत नव्हते. त्यांना खरंच तेवढंच माहीत होतं.

मी चष्म्याचं दुकान चालवते. ज्यांना दिसत नाही त्यांना दिसतं करायचं, हा माझा धंदा. पण डोळे शाबूत असून न बघणाऱ्या माणसाला कुठला नंबर द्यायचा, हे मला आजवर कळलेलं नाही. भाऊजींना दूरचं उत्तम दिसायचं. पुढच्या वळणावरची म्हैस, रस्त्यावर सांडलेलं डिझेल, हात करावा की नाही या विचारात उभा असलेला माणूस, सगळं दिसायचं. फक्त शेजारी पसरलेला अख्खा समुद्र दिसायचा नाही. मी त्यांना हे तोंडावर सांगितलेलं आहे. ते म्हणाले, चष्मेवाली, तू बस चालवलेली नाहीस.

ताई दवाखान्यात रक्ताचे नमुने घ्यायची. ज्यांची शीर सापडत नाही अशी माणसं डॉक्टर मुद्दाम तिच्याकडे पाठवायचे. मोठमोठे दांडगट तिच्यासमोर दंड पुढे करून डोळे मिटून बसायचे आणि ही शांतपणे सुई घालायची. तर सांगायचं असं की बाई भित्री नव्हती. पुढे तिचे गुडघे कुरकुरायला लागले, डॉक्टरांनी सायकल चालवा म्हणून सांगितलं, आणि ज्या वयात लोक सायकल भंगारात देतात त्या वयात माझी बहीण दवाखान्याच्या मागच्या अंगणात सायकल शिकली. हिरव्या रंगाची, पुढे टोपली असलेली सायकल घेतली. भाऊजी तेव्हा नुकतेच निवृत्त झाले होते आणि घरात नुसते पायात पायात येत होते. त्यांनीही एक घेतली.

ताई छान चालवायची. पाठ ताठ, नजर समोर. भीती फक्त एका गोष्टीची. मागून हॉर्न वाजला की ती आहे तिथे, आहे तशी उतरायची. रस्त्याच्या मधोमध असो की चढावर असो. एकदा तर सायकल सोडून देऊन ती विजेच्या खांबाला मिठी मारून उभी होती आणि हॉर्न वाजवणारा दूधवाला बिचारा स्वतःच घाबरून माफी मागत होता. मागे काय येतंय ते दिसत नाही ना, असं ती म्हणायची. समोरून हत्ती आला तरी चालेल, मागून काही नको. शेजारणीने तिची ही अवस्था पाहून हिरव्या सायकलवर डोळा ठेवलेलाच होता. तुम्हाला नको झाली की मला सांगा हं, असं ती दर चार दिवसांनी गोड आवाजात सांगून जायची.

एका संध्याकाळी मी त्यांच्याकडे होते तेव्हा ताई भांडी पुसता पुसता म्हणाली, "मला तुमचा रस्ता बघायचाय. सायकलवरून. पण एकदाच प्रयत्न करेन. मागून हॉर्न वाजला तर मी तिथेच उतरणार, चालत घरी येणार आणि सायकल शेजारणीला देऊन टाकणार."

ती चिडून बोलली नव्हती, म्हणूनच भाऊजी घाबरले. तिचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. त्यांनी कप खाली ठेवला आणि नेतो म्हणाले. पण नेणार कसे? समुद्राकडचा रस्ता म्हणजे तोच, भाऊजींचा, बस, ट्रक आणि मोटारी यांनी दिवसभर वाहणारा. त्या रस्त्याला न लागता समुद्राच्या कडेने दीपगृहापर्यंत जायचं होतं.

दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या टेबलावर नकाशे आले. चार तुकडे चिकटपट्टीने जोडलेले, कोपऱ्यांवर मिठाची बरणी, दोन वाट्या आणि माझा जुना चष्म्याचा डबा. ताईला ताट मांडीवर घेऊन जेवावं लागायचं. दुकान बंद करून मी तिकडे गेले की भाऊजी पेन्सिल कानाला लावून वाकलेले असायचे. नमनालाच घडाभर तेल. रस्ता सापडायच्या आधी त्यांनी वेळापत्रक तयार केलं. सुटण्याची वेळ, पोचण्याची वेळ, पाण्याचे थांबे, वाटेत पंक्चर झाल्यास पर्यायी व्यवस्था. प्रवासी दोन, असंही वर लिहिलं होतं.

रस्ता मात्र सापडेना. नकाशावर समुद्राच्या बाजूला बारीक बारीक गल्ल्या होत्या, पायवाटा होत्या, कालव्याच्या कडेची माती होती. भाऊजी एकेक बघायचे, मान हलवायचे आणि काट मारायचे. मी दोन-तीन दिवस गप्प बसले. तसं मला जमत नाही, पण बसले. शेवटी एका गल्लीवर त्यांनी काट मारली, जी माझ्या एका गिऱ्हाइकाच्या घरामागून जाते आणि सरळ वाळूवर उघडते. मी विचारलं, हिला काय झालं?

"वळण बसत नाही."

"कशाचं?"

"गाडीचं," ते म्हणाले.

मी त्यांच्याकडे बघितलं. ताईने स्वयंपाकघरातून डोकं बाहेर काढलं. भाऊजींनी पेन्सिल खाली ठेवली, कान लाल झाले, आणि मग त्यांनी खोडरबर कुठे आहे म्हणून विचारलं. इतके दिवस तो माणूस बायकोच्या सायकलसाठी असे रस्ते शोधत होता ज्यांतून पन्नास माणसांची बस वळेल. बस वळेल असा रस्ता शोधला की तिथे बस असणारच, हे कुठल्याही पोराला कळलं असतं. आम्ही दोघी बहिणी त्या रात्री इतक्या हसलो की शेजारणीने भिंतीवर टकटक केली. भाऊजी शांतपणे एकेक काट खोडत बसले होते.

मग पाहणी सुरू झाली. सुट्टीच्या दिवशी सकाळी ते आणि मी, माझ्या खटारा सायकलवर. ताईला आणायचं नाही, तिला थेट तयार रस्ता दाखवायचा, असा त्यांचा हट्ट. या पाहण्यांत मला जे मनोरंजन मिळालं ते मी जन्मात विसरणार नाही. भाऊजींना सायकल येत होती, पण डोक्यातून बस उतरली नव्हती. डावीकडे वळायचं असेल तर ते आधी चांगले उजवीकडे जायचे, मागची चाकं कोपऱ्यावर चढू नयेत म्हणून. एका गल्लीत याच पद्धतीने वळताना ते धोब्याच्या अंगणात घुसले आणि वाळत घातलेल्या दोन चादरी अंगावर घेऊन बाहेर आले. धोबीण आधी ओरडली, मग हसली, मग तिने आम्हाला पाणी दिलं आणि तिच्या अंगणातून पलीकडे जायची वाटही दाखवली. नुकसान असं काही झालंच नाही, झाला तो फायदाच.

दुसरी गंमत म्हणजे ते थांबले की निघायचे नाहीत. फाट्यावर पाय टेकायचे आणि तसेच उभे राहायचे. मला वाटलं, दमले. मग एकदा मी सहज माझी घंटी दोनदा वाजवली आणि हे तत्काळ निघाले. कंडक्टरने डबल बेल दिल्याशिवाय गाडी हलवायची नाही, हे पायांत मुरलेलं. पुढे सगळ्या पाहण्यांत मी ट्रिंग ट्रिंग करत होते आणि वाटेतली माणसं आमच्याकडे बघत होती.

पण रस्ता सापडत गेला. गोदामांच्या मागून निघायचं, धोबिणीच्या अंगणातून कालव्यावर, कालव्याच्या कडेने थेट जुन्या होड्या दुरुस्त करतात त्या आवारात. तिथल्या सुताराने फळ्या बाजूला करून वाट दिली. बायकोला समुद्र दाखवायचाय म्हटल्यावर त्याने भाऊजींना बिडीसुद्धा देऊ केली. पुढे झुडपांमधली पायवाट, मग माझ्या गिऱ्हाइकाच्या घरामागची गल्ली, आणि गल्ली संपली की एकदम निळं. मी तर सायकल टाकून उभीच राहिले.

"भाऊजी, समुद्र," मी म्हटलं.

ते वाकून जमिनीकडे बघत होते. म्हणाले, हो हो, पण इथे वाळू आली आहे, तिचं चाक घसरेल, इथे उतरून चालावं लागेल. आणि त्यांनी नकाशावर खूण केली. समुद्र तिथेच होता, डावीकडे. मला त्या क्षणी त्यांचे खांदे धरून मान फिरवावीशी वाटली. मोठ्या मेहुण्याला असं करता येत नाही म्हणून राग गिळला.

सगळं जमलं आणि खाडीवर घोडं अडलं. दीपगृहाच्या अलीकडे खाडी आहे आणि तिच्यावर एकच पूल. त्या पुलावरून जायचं म्हणजे मोठ्या रस्त्यावर यायचं. भाऊजी पुढचे कितीतरी दिवस दुसरी वाट शोधत होते. खाडीला वळसा घालावा तर दोन दिवस लागतील. पलीकडे माणसं नेणारी होडी आहे, पण जिला बस लागते तिला होडीत बसवणं म्हणजे आगीतून फुफाट्यात. शेवटी त्यांनी ताईला खरं काय ते सांगितलं. ही एक गोष्ट मला त्यांची आवडते, बायकोशी खोटं बोलणं त्यांना जमत नाही. पूल लागतो म्हणाले. रविवारी भल्या सकाळी त्यावर फारसं कोणी नसतं.

ताईने विचारलं, "केवढा आहे?"

"छोटा आहे."

"तुमच्या बसला छोटा, की माझ्या सायकलला?"

"बसला," भाऊजींनी कबूल केलं. ताईने नकाशावरच्या त्या इवल्याशा रेघेवर बोट फिरवलं. मग म्हणाली, येईन, पण माझी अट तीच.

त्याच आठवड्यात भाऊजी मला घेऊन डेपोत गेले. एकट्याने जायचा धीर होत नव्हता. अख्ख्या नोकरीत त्यांनी कुणाकडे कधी पाळी बदलून मागितली नव्हती, आणि आता हात जोडून मागायला आले होते. कँटीनमध्ये सगळे ड्रायव्हर जमले, उस्ताद आले म्हणून खुर्ची पुसून दिली. भाऊजींनी चहा अर्धा ठेवून सांगितलं, रविवारी सकाळी पुलावर सायकलवर आम्ही दिसलो, हिरवी सायकल मध्ये असेल, तर कृपा करून हॉर्न वाजवू नका. सगळे हसले. मिशीवाला एक होता, लंबू म्हणायचे त्याला, भाऊजींच्याच हाताखाली शिकलेला, तो म्हणाला, "उस्ताद, पुलावर चढताना हॉर्न वाजवायचाच, हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत. विसरलो म्हणून मला तुम्ही एकदा पुलावर पायी परत पाठवलं होतं."

भाऊजींनी उरलेला अर्धा चहा संपवला. कुणी हो म्हणालं नाही, कुणी नाही म्हणालं नाही.

रविवारी आम्ही उजाडताना निघालो. पुढे भाऊजी, मध्ये ताई, मागे मी. ताईच्या टोपलीत पाण्याची बाटली आणि ब्रेड-बटर. धोबिणीने हात हलवला. होडीवाल्या सुताराने आधीच फळ्या हलवून ठेवल्या होत्या. कालव्यावर बगळे होते, ताई त्यांच्याशी बोलत होती, आणि भाऊजी दर थोड्या वेळाने मान न वळवता "ठीक?" विचारत होते. मी घंटी वाजवत होते. झुडपांतून बाहेर पडून आम्ही त्या गल्लीच्या तोंडाशी उतरलो आणि ताईला पहिल्यांदा मोकळा समुद्र दिसला. ती चप्पल काढून वाळूत उभी राहिली, आणि नंतर आम्ही किती वेळा चला म्हटलं तरी तिला ऐकू आलं नाही. मला इतका आनंद झाला होता की मी भाऊजींना चक्क तुमचा रस्ता झकास आहे असं म्हणून टाकलं. ते घड्याळ बघत होते. त्यांना पुलाची काळजी होती.

पुलापाशी आलो तेव्हा रस्ता रिकामा होता. भाऊजींनी दोन्हीकडे कान देऊन बघितलं आणि मान हलवली. आम्ही चढलो. डावीकडे कठड्याला लागून, एकामागे एक. पूल मला वाटला होता त्याहून खूप लांब निघाला. वारा समुद्रावरून येत होता आणि कानांत नुसता घूं घूं आवाज. म्हणूनच मला इंजिन जरा उशिरा ऐकू आलं. मागे वळून बघितलं तर बस पुलावर चढलेली होती. पुढे ताईची ताठ पाठ आणि तिची वेणी, मागे बस, आणि मध्ये मी. बसच्या काचेमागे मिशी दिसली. लंबू.

त्याने हॉर्न वाजवला नाही. बस आमच्या मागे चालत होती, अगदी पायी चालणाऱ्या माणसाच्या वेगाने, रस्त्याच्या मधोमध, म्हणजे मागच्या कुणाला पुढे येताच येऊ नये. तिच्यामागे एक ट्रक होता, त्याच्यामागे आणखी काहीतरी. बसचा कंडक्टर मागच्या दारात लोंबकळून ट्रकवाल्याला ओठांवर बोट ठेवून दाखवत होता. खिडक्यांतून माणसं डोकी काढून बघत होती, आणि त्यांतलंही कुणी बोलत नव्हतं. ताईला यातलं काही म्हणजे काही माहीत नव्हतं. मी देवाचं नाव घेत पायडल मारत होते, आणि मी देवाचं नाव सहसा घेत नाही.

पुलाच्या मध्यावर ताई थांबली. आपणहून. तिने पाय टेकला आणि कठड्यावर हात ठेवला. तिथून समुद्र तिन्ही बाजूंनी दिसतो, खाडीचं मातकट पाणी त्यात शिरतं तिथपासून ते दीपगृहापर्यंत, आणि सकाळचं ऊन नुकतंच त्यावर आलं होतं. भाऊजींनी ब्रेक लावला. मागे बसही थांबली आणि लंबूने इंजिन बंद केलं.

"अहो," ताई म्हणाली, "तुम्ही रोज इथून जायचात?"

"हो."

"आणि कधी बघितलंच नाहीत?"

भाऊजी कठड्याकडे बघत होते. म्हणाले, "मागे माणसं असायची ना बसलेली."

ताईने त्यांच्या बाहीला धरून त्यांना आपल्या बाजूला वळवलं. "आता मागे कोणी नाही. आता बघा."

आणि भाऊजींनी बघितलं. मी त्यांचा चेहरा बघत होते म्हणून सांगते, त्या माणसाने समुद्र असा बघितला की जणू कुणीतरी तो त्याच सकाळी तिथे आणून ठेवला होता. दोन्ही हात हँडलवरून सुटले होते. डोळे भरून आले होते आणि ते पुसायचंही त्यांना सुचलं नाही. माझ्या मागे बसभर माणसं खिडक्यांना लागून त्याच बाजूला बघत होती. एक तान्हं मूल कुरकुरलं तर त्याच्या आईने त्याला खांद्यावर घेतलं. मी खूप रडले, लपवण्यात अर्थ नाही.

मग ताई वळली.

तिने बस बघितली. इतकी मोठी बस, माझ्या मागच्या चाकाला लागेल इतक्या जवळ, मागे ट्रक, मागे सगळी रांग. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरलेला मला दिसला. लंबूने काचेमागून दोन्ही हात स्टिअरिंगवरून उचलून दाखवले, हॉर्नला हात लावलेला नाही म्हणून. ताई त्याच्याकडे बघत राहिली, मग खिडक्यांतल्या माणसांकडे, मग त्या मुलाला घेतलेल्या बाईकडे. तिने पदर खोचला आणि सायकलवर बसली.

"चला हो लवकर," ती भाऊजींना म्हणाली, "मागे माणसं खोळंबली आहेत."

आणि ती सगळ्यांच्या पुढे निघाली.